तीन वेळा बजावूनही

"नळ बंद आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "मघाशी दोनदा बघून आलात. आता पुन्हा उठू नका."

रायटर तरी उठले. मोरीतल्या नळाखाली तळहात धरून उभे राहिले. थेंबही पडत नव्हता. तरी त्यांनी नळ आणखी आवळला, इतका की संध्याकाळी भांडी घासताना बायकोला तो उघडायला फडकं गुंडाळावं लागणार होतं.

"वर्ष झालं, या घरातल्या नळांचे गळे आवळताय," ती म्हणाली. "वायसर तरी किती बदलायचे माणसानं?"

"वाहायचा आवाज येतो."

"तुम्हालाच येतो."

ते खरं होतं. तिच्या आग्रहावरून रायटर कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आले होते. डॉक्टरने कान धुतले आणि छप्पन्नाव्या वर्षी असे ठणठणीत कान फार थोड्यांचे असतात, असं प्रशस्तिपत्र दिलं. त्या ठणठणीत कानांना घरी, ठाण्यात, रस्त्यात, कुठेतरी भिंतीच्या आत पाणी वाहत असल्याचं ऐकू यायचं, आणि ते बंद करायला कुणीच जात नाही म्हणून जीव कासावीस व्हायचा.

पोलीस ठाण्यात जबाब आणि पंचनामे लिहिणाऱ्या हवालदाराला रायटर म्हणतात. सव्वीस वर्षं ते काम केल्यावर हेच त्यांचं नाव झालं होतं. आईबापांनी ठेवलेलं नाव त्यांना फक्त हजेरीपटावर सही करताना आठवायचं.

बायकोने चहाचा कप पुढे ठेवला आणि समोर बसली. ती अशी समोर बसली की काहीतरी ऐकून घ्यावं लागणार, हे रायटरांना लग्नापासून ठाऊक होतं.

"चौकशी किती वाजता?"

"अकरा."

"काय सांगणार?"

"विचारतील ते."

"एवढंच सांगते. आपली पोर ऑपरेशनच्या टेबलावर होती तेव्हा धाकटे साहेब ड्यूटीवरून तसेच आले आणि रक्त देऊन गेले. चहासुद्धा घेतला नाही. ते विसरू नका."

"मी विसरलोय असं वाटतं तुला?"

"नाही वाटत," ती म्हणाली. "आणि चेहरा बघितला की भीतीही वाटते. म्हणून सांगतेय."

रायटरांच्या कागदाचा दबदबा होता. मोत्यासारखं अक्षर हा त्यातला लहानसा भाग. खरी करामत वेगळीच होती. पुढे कोर्टात कुठला प्रश्न विचारला जाईल हे आधीच ओळखून त्याचं उत्तर ते कागदात पेरून ठेवत. वकील दात काढत उभे राहत आणि तोंड मिटून खाली बसत. नव्याने आलेल्या हवालदारांना त्यांचे जुने कागद वाचायला देत, गिरवायला दिल्यासारखे.

पोलिसांनी बळ वापरलं, असा प्रसंग असला की कागदात तीन गोष्टी आल्या पाहिजेत. माणूस पळून जात होता. त्याला मोठ्याने तीन वेळा बजावलं होतं. आणि काठी गुडघ्याखाली लागली. ही तीन वाक्यं रायटरांच्या हातून एका दमात उतरायची. रोजचा स्वयंपाक करणारीचा हात न बघता मिठाच्या डब्याकडे जातो, तसा त्यांचा हात जायचा.

गेल्या वर्षी एका दुपारी तो तसाच गेला.

त्या सकाळी बाजारात एका दुकानदाराच्या पोटात कुणीतरी सुरा खुपसला होता. निळा शर्ट, मध्यम बांधा, एवढंच वर्णन. सगळं ठाणं निळा शर्ट शोधत होतं. ठाण्याचे धाकटे साहेब, एकोणतीस वर्षांचे, पायीच गल्ल्या धुंडाळत होते. त्यांना निळ्या शर्टातला एक माणूस दिसला. हातात लोखंडी काहीतरी, आणि जीव खाऊन पळतोय. साहेब मागे धावले. अंतर वीस पावलं. अंतर कमी होईना, तेव्हा त्यांनी हातातली काठी त्याच्या पायांवर फेकली. काठी नेमकी गुडघ्याखाली लागली. माणूस पुढच्या पुढे आपटला आणि रस्त्याकडेच्या लोखंडी झाकणावर त्याचं कपाळ फुटलं. साहेबांनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन जीपमधून दवाखाना गाठला, पण तोवर सगळं आटोपलं होतं.

संध्याकाळी खरा सुरेवाला दोन गल्ल्या पलीकडे सापडला. त्याचाही शर्ट निळाच होता.

मेलेला माणूस नळदुरुस्तीवाला होता. एका घरात पाण्याचा पाइप फुटला होता, इमारतीतली पाणी बंद करायची चावी गंजून बसली होती, म्हणून तो पाना घेऊन रस्त्यावरची मुख्य चावी बंद करायला धावत सुटला होता. ती चावी त्या लोखंडी झाकणाखालीच होती. घरमालकीण ज्याला त्याला हे सांगत होती. तो पडल्यावर तिच्या घरात तासभर पाणी वाहत होतं.

साहेब ठाण्यात आले ते रायटरांच्या टेबलासमोर येऊन बसले. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत लाल. रायटरांनी त्यांना पाणी दिलं, दोन-चार प्रश्न विचारले, कुठली गल्ली, किती अंतर, आणि बाकीचं हाताने आपोआप लिहिलं. मग रिवाजाप्रमाणे वाचून दाखवलं. "तीन वेळा मोठ्याने 'थांब' असे बजावूनही सदर इसम न थांबता पळून जाऊ लागल्याने" हे वाक्य आलं तेव्हा साहेबांनी मान वर केली.

"रायटर, ते तीन वेळा..."

"असंच लिहितात, साहेब."

साहेब क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन घेतलं आणि सही केली.

कागद वर गेला. बळाचा वापर योग्य आणि नियमाला धरून होता, असा शेरा बसला. फाइल बंद झाली. रायटरांना भिंतीतलं पाणी ऐकू यायला लागलं ते त्याच आठवड्यात.

मग दर बुधवारी ठाण्यात एक म्हातारा यायला लागला.

तो मेलेल्याचा बाप. एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं लिफ्टमन होता. कुठला अधिकारी कितव्या मजल्यावर उतरतो हे त्याला अजून तोंडपाठ होतं. ठाण्यातल्या बाकावर बसायचा आणि कुणीही वर्दीतलं माणूस गेलं की उठून उभा राहायचा. अगदी झाडूवाल्याच्या अंगात जुनी खाकी पँट दिसली तरी. लोक गालातल्या गालात हसायचे. तो तक्रार करायला येत नव्हता, हेच तर कुणाला समजत नव्हतं.

"साहेब, एक विचारू?" एका बुधवारी तो रायटरांच्या टेबलाशी आला.

"विचारा, बाबा."

"तीन हाका मारायला किती वेळ लागतो?"

रायटरांनी पेन खाली ठेवलं. "असं नाही सांगता येत."

"मी मोजून बघितलं. सुनेला म्हटलं, तू पळ, मी मागून हाका मारतो. ती रडायलाच लागली. मग मी एकटाच त्या गल्लीत गेलो आणि चालत चालत मारल्या. पहिलीलाच तीन जणांनी वळून बघितलं. पोराला लहानपणापासून सांगून ठेवलं होतं. पोलीस थांब म्हणाले की थांबायचं. हातातलं दूध सांडलं तरी चालेल. चोर पळतात, आपण थांबायचं. आणि हा पाण्यासाठी पळत राहिला. पाणी काय हो, वाहून जातं. त्याच्यासाठी कुणी पोलिसांचा अपमान करतं का?"

"बाबा, झालं ते..."

"गल्लीतले म्हणतात, चोर नव्हता तर तीन हाकांना थांबला का नाही? मी काय उत्तर देणार? कागदातच लिहिलंय." त्याने खिशातून घडी घालून घालून मऊ झालेली नक्कल काढली आणि टेबलावर उलगडली. "अक्षर मात्र सुरेख आहे हो तुमचं. नातीला दाखवलं. म्हटलं, असं काढायला शीक."

रायटरांना लाज वाटली. त्याला दुसरा शब्द नाही. बापाच्या मयतालाही ते असे खाली मान घालून उभे राहिले नव्हते. एकदा वाटलं, आत्ता सांगून टाकावं की ते वाक्य कुणी सांगितलेलंच नाही. पण ते बोलले नाहीत. साहेबांचं रक्त पोरीच्या अंगात होतं, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. म्हातारा नक्कल घडी करून, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक वर्दीला सलाम करत निघून गेला.

शेवटी म्हाताऱ्याने वर अर्ज केला. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात दोन ओळी. 'माझा मुलगा पोलिसांनी तीन वेळा थांब म्हटले तरी थांबला नाही. त्याने असे का केले याची चौकशी व्हावी.' वरच्या कचेरीत हसून हसून पुरेवाट झाली म्हणतात. पोलिसांविरुद्ध अर्जांचे ढीग होते, पण आपल्याच मेलेल्या मुलाची चौकशी करा म्हणणारा बाप हा पहिलाच. एक मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बंद फाइल मागवून घेतली.

तीच चौकशी आज अकराला होती.

ठाण्याच्या दारात साहेब जीप घेऊन उभे होते. "चला रायटर. एकत्रच जाऊ."

साहेब स्वतः चालवत होते. सीटच्या बाजूला काठीसाठी केलेली खोबण होती, त्यात काठी नव्हती. त्या दिवसापासून त्यांनी काठी हातात धरली नव्हती, हे ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे.

"मी तुम्हाला काहीही शिकवणार नाही," साहेब म्हणाले. "तुम्हाला जे सांगायचं ते सांगा."

"हो, साहेब."

"एकच विचारतो. त्या दिवशी वाचताना मी काहीतरी बोलायला लागलो होतो. आठवतं?"

"आठवतं."

"मी काय बोलणार होतो, ते तुम्ही नंतर कधी विचारलं नाहीत."

"नाही विचारलं, साहेब."

"मीही सांगितलं नाही. सही माझी आहे. हात कुणी धरला नव्हता." पुढे सिग्नल लाल होता. समोरून माणसं रस्ता ओलांडत होती आणि त्यातला एक जण बस गाठायला धावत होता. तो बसमध्ये चढेपर्यंत साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा त्यांना सिग्नल हिरवा झाल्याचं कळलं.

रायटरांना वाटलं, या पोराला वाचवायला आपण तो कागद केला. आणि हे वाचलेलं पोर असं दिसतं. मग वाटलं, आपण नुसतं 'हो' म्हटलं तर निदान याची नोकरी राहील. नोकरी राहिली की हळूहळू माणूसही सावरतो. हे त्यांनी स्वतःला दोन-तीन वेळा समजावलं, पण पटलं नाही.

चौकशीची खोली साधी होती. एक लांब टेबल, फायलींचं कपाट, गरगरणारा पंखा. टेबलामागे मॅडम, बाजूला टिपून घेणारा कारकून. अर्जदार म्हणून म्हाताऱ्याला भिंतीलगत खुर्ची दिली होती. साहेब आत आले तसा तो उठून उभा राहिला आणि साहेबांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

मॅडमनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. "हे अक्षर तुमचं?"

"हो, मॅडम."

"हे अधिकाऱ्यांनी सांगितलं आणि तुम्ही लिहून घेतलंत. बरोबर?"

सगळं आयतं वाढलेलं होतं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. रायटरांनी साहेबांकडे पाहिलं. ते आपल्या तळहातांकडे बघत होते. म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो कानामागे हात धरून पुढे झुकला होता. मुलाचा गुन्हा पुन्हा एकदा नीट ऐकून घ्यायला तो तयारीने बसला होता.

"नाही, मॅडम," रायटर म्हणाले.

कारकुनाचं पेन थांबलं.

"ते मी न विचारता लिहिलं. असंच लिहितो आम्ही. वाचून दाखवताना साहेब काही सांगायला लागले होते. मी त्यांना बोलू दिलं नाही."

"तुम्ही काय बोलताय ते कळतंय तुम्हाला? याचे परिणाम माहीत आहेत?"

"सव्वीस वर्षं हेच काम केलंय, मॅडम. कळतंय."

"मग हाका मारल्या होत्या की नव्हत्या?"

"मला माहीत नाही. मी विचारलंच नाही."

मॅडम साहेबांकडे वळल्या. त्यांनी काही विचारायच्या आधीच साहेब उठून उभे राहिले होते.

"एकदाही नाही," ते म्हणाले. "धावत होतो, दम लागला होता. आणि वाटलं, ओरडलो तर आणखी जोरात पळेल. पुष्कळदा असंच होतं. म्हणून गुपचूप मागे गेलो." पुढचं त्यांनी मॅडमना न सांगता भिंतीलगतच्या खुर्चीला सांगितलं. "त्यानं एकदाही मागे वळून बघितलं नाही, बाबा. मी मागे आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं."

म्हाताऱ्याने कानामागचा हात हळूच खाली घेतला.

"म्हणजे त्याला कळलंच नाही?"

"नाही."

"तुमच्यापासून पळत नव्हता?"

"नाही, बाबा."

"बरं," म्हातारा म्हणाला. तो रडला नाही. खुर्चीच्या पाठीला पाठ टेकून बसला. वर्षभरात त्याला कुणी असं टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं. पंख्याकडे बघत तो आणखी एकदा "बरं" म्हणाला.

पुढचं कागदोपत्री होतं आणि ते लगेच उरकलं. दोघेही आजपासून निलंबित. साहेबांवर खटला चालेल, रायटरांवर खोटा दस्त केल्याचा ठपका येईल. साहेबांनी जीपच्या किल्ल्या कारकुनाच्या टेबलावर ठेवल्या, रायटरांच्या खांद्याला क्षणभर हात लावला आणि जिना उतरून पायीच गेले. रायटर निलंबनाच्या पत्राची वाट बघत व्हरांड्यात उभे राहिले. घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, पण पहिलं वाक्यच सुचत नव्हतं.

"रायटरसाहेब."

म्हातारा बाजूला येऊन उभा होता.

"आता साहेब म्हणू नका, बाबा."

"एक काम होतं. कागद हवा होता. मॅडम म्हणाल्या, नक्कल मिळायला महिना लागेल. सून घरी वाट बघतेय. गल्लीत आजच सांगायला पाहिजे."

"मी येतो तुमच्याबरोबर. माझ्या तोंडानं सांगतो सगळ्यांना."

"तोंडी नको. तोंडी मी वर्षभर खूप सांगितलं, तो तसा नव्हता म्हणून. लोक म्हणायचे, कागद दाखव." त्याने खिशावर हात ठेवला. "तो कागद सगळ्यांनी वाचलाय. आता हाही वाचू दे. अक्षर तेच पाहिजे."

रायटरांनी डायरीतलं एक कोरं पान फाडलं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि शाईचं पेन उघडलं. हाताने आपणहून 'सदर इसम' असं लिहिलं. रायटरांनी त्याकडे पाहिलं, ते पान चुरगळून खिशात घातलं आणि दुसरं फाडलं.

"काय लिहू, बाबा? तुम्ही सांगा."

म्हाताऱ्याने विचार केला. कचेरीतल्या लोकांसमोर जपून बोलायची सवय होती त्याला.

"लिहा. माझा मुलगा पळून जात नव्हता. पाणी बंद करायला धावत होता."

रायटरांनी लिहिलं.

"त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं."

रायटरांनी लिहिलं.

"म्हटलं असतं तर तो थांबला असता."

पेन अडलं. जबाबात झालं तेवढंच लिहितात. जे झालं असतं ते कुणी लिहीत नाही. ते कुठल्याही चौकशीत टिकत नाही. समोर बसलेल्या माणसाने 'असतं तर' म्हणून सुरुवात केली की रायटर सव्वीस वर्षं म्हणत आले होते, ते राहू द्या, पुढचं बोला. विधवा म्हणाल्या होत्या, मुलं गमावलेल्या आया म्हणाल्या होत्या. त्या सगळ्यांचं त्यांनी राहू दिलं होतं.

म्हातारा वाट बघत होता.

रायटरांनी ते वाक्य लिहिलं. घाई न करता, एकेक अक्षर सुटं आणि गोल काढून. खाली सही केली.

"वाचा," म्हातारा म्हणाला.

रायटरांनी वाचलं.

"शेवटचं पुन्हा वाचा."

रायटरांनी पुन्हा वाचलं. म्हाताऱ्याने मान डोलावली.

"तसाच होता तो," तो म्हणाला, आणि शाई वाळेपर्यंत तो कागद दोन्ही हातांनी खिडकीतल्या उन्हात धरून उभा राहिला.